सियांगच्या डोंगरातलं विमान

२५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधल्या कुनमिंगहून एक अमेरिकी बी-२४ लिबरेटर आसाममधल्या छाबुआकडे निघालं. विमानाचं नाव 'हॉट ॲज हेल', आत आठ जण. ते छाबुआला पोहोचलंच नाही.

बॉम्बफेकी विमान या वाटेवर कशाला? जपानने ब्रह्मदेश घेतला आणि चीनला जाणारा खुष्कीचा मार्ग तुटला. मग पेट्रोलपासून बॉम्बपर्यंत सगळं हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडून न्यावं लागे. वैमानिक या मार्गाला 'हंप' म्हणत. हे विमान ज्या गटातलं, त्या चीनमधल्या ३०८व्या बॉम्बर गटाला तर स्वतःचं इंधनही भारतातून स्वतःच आणावं लागे. एका हल्ल्याआधी अशा कित्येक खेपा होत. या खेपांमध्ये गेलेल्यांच्या वाट्याला लढाईतल्या मृत्यूचं वलय फारसं येत नाही. हा अन्याय आहे, कारण या खेपांशिवाय एकही हल्ला झाला नसता.

'हॉट ॲज हेल'चे अवशेष पडले होते आजच्या अरुणाचलातल्या सियांग भागात, आदी लोकांच्या मुलखात, दामरो गावाजवळच्या डोंगरात. २००६ साली ॲरिझोनाचे गिर्यारोहक क्लेटन कुहल्स स्थानिक वाटाड्यांना घेऊन तिथे पोहोचले. रानात शिकारीला फिरणाऱ्यांना अशा जागा आधीपासून माहीत असतात. शोधाचं श्रेय देताना त्यांना विसरून चालणार नाही.

विमान सापडलं म्हणजे माणसं सापडली असं होत नाही. आधी पत्र्यावरचे क्रमांक जुन्या नोंदींशी ताडायचे. मग दोऱ्या बांधून चौकोन आखायचे, उतारावरची माती थराथराने खरवडायची आणि चाळणीतून चाळायची. एखादं बटण, बुटाचा तुकडा, एखादा दात. एवढ्यावरूनही माणसाची ओळख पटू शकते. इथे हे काम सुरू होऊन सरकारी परवानग्यांअभावी थांबलं आणि २०१५ मध्ये पुन्हा हाती घेतलं गेलं. एप्रिल २०१६ मध्ये काही अवशेष दिल्लीहून सन्मानपूर्वक अमेरिकेला रवाना झाले. त्यांतून विमानातल्या आठ जणांपैकी लेफ्टनंट रॉबर्ट युजीन ऑक्सफर्ड यांची ओळख पटली. जून २०१७ मध्ये जॉर्जियातल्या काँकॉर्ड या त्यांच्या गावी दफन झालं, मृत्यूनंतर ७३ वर्षांनी. मुलाची माती बघायला आईवडील उरले नव्हते. म्हणूनच मधे थांबलेली वर्षं मला टोचतात. नातलगांचं वय सरकारी परवानग्यांसाठी थांबत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पासीघाटला 'हंप' संग्रहालय सुरू झालं. अरुणाचलच्या डोंगरांतून मिळालेल्या ऑक्सिजनच्या टाक्या, मशीनगन, विमानांच्या सांगाड्यांचे तुकडे तिथे पाहायला मिळतात. स्मारक परदेशात उभारण्यापेक्षा ही माणसं पडली त्याच मुलखात झालं, हे फार बरं झालं.

अरुणाचलला जाणारे आपल्याकडचे बरेच पर्यटक तवांग पाहून परततात. सवड असेल तर पासीघाटलाही जा. आणि रानात कुठे विमानाचा पत्रा दिसला, तर आठवण म्हणून उचलू नका. त्याखाली अजून कुणी असू शकतं. गावात जाऊन सांगा.