ऑइल ओढायला भांडे कोणते?

गॅरेजात काम करणारी आपली मुले पंपाने जुने ब्रेक ऑइल ओढून काढतात. ते साठवायला तेलाचा रिकामा चौकोनी डबा लावला, की तो बघता बघता चेपतो. असे का? आतली हवा काढली की बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो भाराने दाबते. २० बाय ३० सेंटिमीटरच्या बाजूवर हा भार ६०० किलोपर्यंत जातो! म्हणून भांडे गोल आणि जाड लोखंडी हवे. काचेची बरणी नकोच. ऑइल येणारी नळी खोल सोडावी, पंपाची नळी झाकणालगत ठेवावी. म्हणजे ऑइल पंपात शिरत नाही. भांडे अर्धे भरताच रिकामे करावे. पेट्रोल मात्र असे कधीही ओढू नये; त्याची वाफ पेट घेते. पंप पुन्हा घेता येईल, गेलेला डोळा नाही.