जमिनीखालचा बिघाड कसा शोधतात?

खांबावरची तार तुटली तर ती डोळ्यांना दिसते. पुरलेल्या केबलचे तसे नाही. सगळा रस्ता उकरायचा तर खर्च मोठा, शिवाय कुदळ शेजारच्या चालू केबलवर बसली तर जिवावर बेतायचे. म्हणून आधी मोजायचे, मग खणायचे.

यातली जुनी युक्ती आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत पडून आहे: व्हीटस्टनचा सेतू. (तो शोधला ख्रिस्ती यांनी, १८३३ साली; नाव मात्र व्हीटस्टनचे झाले!) समजा, ६०० मीटर केबलमधील एका तारेचे आवरण फुटून प्रवाह जमिनीत झिरपतो आहे. दूरच्या टोकाला ही तार तेवढ्याच जाडीच्या चांगल्या तारेला जोडली, की १२०० मीटरचा वळसा तयार होतो. बिघाडाची जागा त्याचे दोन भाग करते. सेतू ५:१ या प्रमाणात संतुलित झाला, तर बिघाड सदोष तारेच्या टोकापासून १२०० चा सहावा भाग, म्हणजे २०० मीटरवर. ही मरे यांची वळसा-चाचणी.

पण फुटक्या जागेचा रोध किती, हे कुठे ठाऊक आहे? गंमत अशी, की तो विद्युतघटाच्या वाटेवर येतो, सेतूच्या भुजांत नाही. त्यामुळे संतुलनबिंदू हलत नाही. दोन मीटर नायक्रोमची तार, मीटर-सेतू आणि एक घट घेऊन विद्यार्थ्यांना हे करून पाहू द्या. ‘बिघाडा’त आधी ५, मग ५० ओहमचा रोध घाला: काटा कमी हलेल, बिंदू तोच राहील. घरातल्या विजेवर मात्र हा प्रयोग कदापि नको.

तार पूर्ण तुटली असेल तर वळसाच जुळत नाही. तेव्हा विद्युतस्पंद सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपतात. केबलमध्ये स्पंदाचा वेग मायक्रोसेकंदाला १६० मीटर धरला आणि प्रतिध्वनी ५ मायक्रोसेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन ८०० मीटर झाले. तूट ४०० मीटरवर.

हे अंतर केबलच्या लांबीचे; ती जमिनीत वळणे घेत गेलेली असते. म्हणून शेवटी संधारित्रातून उच्च दाबाचा ठोका देतात. बिघाडाशी ठिणगी फुटते. चुंबकीय संकेत वर तत्काळ पोचतो, आवाज मागून येतो. दोहोंतला काळ जिथे सर्वांत कमी, तिथेच खड्डा घ्यायचा. ठोके मोजकेच द्यावेत; जुने आवरण त्यानेच आणखी एखाद्या ठिकाणी फुटू शकते.