नळ की जार? आधी पाण्याचा उगम विचारा

दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातील अनेक घरांत दोनच पिढ्या उरतात. मधली पिढी ऊसतोडीला जाते आणि मागे राहतात आजी-आजोबा व नातवंडे. अशाच एका हिवाळ्यात एक आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. लघवीला जळजळ, उठताना चक्कर आणि आखडलेली पाठ, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. बोलता बोलता कळले, की मुलाने लावून दिलेला वीस लिटरचा जार त्या पुरवून पुरवून वापरत होत्या. दिवसभरात जेमतेम तीन पेले पाणी त्यांच्या पोटात जाई. “इकतचं पाणी हाय, डॉक्टरसाहेब. घटाघटा कसं प्यावं? मग नळाचंच पिऊ का?”

मी त्यांना उलट विचारले, “तुमच्या नळाला पाणी कुठून येते?” त्या म्हणाल्या, “पावसाळ्यात धरणाचं, उन्हाळ्यात बोरचं.” त्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका वाक्यात होते.

बीड शहराला माजलगाव धरण व बिंदुसरा प्रकल्पातून, तर अंबाजोगाई-केज परिसराला मांजरा धरणातून पाणी मिळते. धरणातील पाणी मुख्यतः पावसाचे असल्याने त्यात फ्लोराइड सहसा कमी असते. तेथे धोका असतो तो जंतूंचा, कारण जलवाहिनी गळकी असते, पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येते आणि घरात ते साठवून ठेवावे लागते. खोल बोरचे पाणी मात्र दीर्घकाळ खडकांत मुरलेले असते आणि खडकातील फ्लोराइड त्यात उतरू शकते. आपल्या जिल्ह्याच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. चव, रंग किंवा वास यांवरून ते मुळीच ओळखता येत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड योग्य मानले जाते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. अल्प प्रमाणात फ्लोराइड दातांना किडीपासून वाचवते, पण प्रमाण वाढले की तेच घात करते. साधारण आठव्या वर्षापर्यंत कायमचे दात हिरड्यांखाली घडत असतात. त्या काळात अधिक फ्लोराइड पोटात गेले, तर दातांवर पांढरे ठिपके व तपकिरी पट्टे उमटतात आणि ते आयुष्यभर राहतात.

मोठ्या वयात दातांवर नवे डाग पडत नाहीत, पण फ्लोराइड हाडांत साठत राहते. भारतात अशा हाडांच्या विकाराची नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. अनेक वर्षे असे पाणी प्यायल्यावर सांधे दुखतात, पाठ व मान ताठ होते आणि वाकणे अवघड जाते. घरचे लोक ‘वयाचा संधिवात’ म्हणून वेदनाशामक गोळ्या देत राहतात. शरीरातील फ्लोराइड मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि या गोळ्यांचा अतिरेक त्याच मूत्रपिंडांना दुखावतो. अर्थात प्रत्येक सांधेदुखी पाण्यामुळे होत नाही. परंतु एकाच वस्तीतील अनेकांच्या पाठी आखडल्या असतील आणि मुलांच्या दातांवर पट्टे दिसत असतील, तर पाणी तपासलेच पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र जात नाही. उलट दोन लिटर पाणी आटून एक लिटर राहिले, तर त्याचे प्रमाण दुप्पट होते. क्लोरीनचे थेंब, घरी फिरवलेली तुरटी, साधा कँडल फिल्टर किंवा अतिनील किरणांचे यंत्र यांचाही फ्लोराइडवर भरवसा धरू नये. आरओ यंत्र ते कमी करते. मात्र त्याची नियमित देखभाल हवी.

मग जारचे पाणी? सीलबंद बाटली व गावात मिळणारा थंड पाण्याचा जार यांत फरक आहे. बाटलीवर परवाना क्रमांक व तारीख असते. सील नसलेल्या जारमध्ये अनेकदा बोरचेच पाणी असते आणि त्यावर कोणती प्रक्रिया झाली हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. गारवा म्हणजे शुद्धता नव्हे.

म्हणून काही गोष्टी अवश्य कराव्यात. आपल्या पाण्याचा फ्लोराइड अहवाल ग्रामपंचायतीकडे किंवा जलसुरक्षकाकडे मागावा. नसल्यास शासकीय प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी आणि उन्हाळ्यात स्रोत बदलल्यावर पुन्हा करावी. फ्लोराइड अधिक निघाल्यास पिण्यासाठीच नव्हे, तर स्वयंपाक व चहासाठीही वेगळे पाणी वापरावे. सांडण्या-धुण्यास बोरचे पाणी चालेल. आहारात दूध, ताक, नाचणी, पालेभाज्या व आवळा असावा. सुपारी, काळे मीठ आणि कोऱ्या चहाचा अतिरेक टाळावा. धरणाचे पाणी गाळून, उकळून झाकून ठेवावे.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल, तर दिवसभरात सहा ते आठ पेले पाणी थोडे थोडे करून प्यावे. जार वाचवण्यासाठी तहान मारणे महागात पडते.

त्या आजींच्या गावचा नमुना पुढे तपासला गेला आणि बोरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर निघाले. आता त्यांच्याकडे दोन हंडे आहेत. एक पिण्या-रांधण्याचा, दुसरा वापरायचा. पहिल्यातले पाणी त्या स्वतःही पोटभर पितात. पाठीचा ताठरपणा पूर्णपणे जाणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. त्या एवढेच म्हणाल्या, “माझं राहू द्या, पोराचे दात तरी धड येतील.” घरात वडीलधारे आणि लहान मूल एकाच हंड्यातून पाणी पीत असतील, तर त्या हंड्याची चौकशी आजच करावी.