विश्लेषण : कारखान्यातले संगणक रात्रभर रिकामे, मग ‘ग्रिड’ का जमत नाही?

बारामतीत किंवा इंदापुरात ‘ग्रिड’ म्हटलं की समोरच्याला महावितरण आठवतं. ते चुकीचंही नाही. संगणकांच्या ग्रिडला हे नाव विजेच्या ग्रिडवरूनच मिळालं. बटण दाबलं की दिवा लागतो, वीज कोणत्या केंद्रातून आली हे आपण विचारत नाही. गणनाशक्तीही तशीच मिळावी, ही कल्पना १९९०च्या दशकात पुढे आली. संशोधन संस्थांनी ती उचलली. उद्योगांनी मात्र फारशी जवळ केली नाही.

आता हा विषय काढायचं कारण ऊस. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला आणि बारामती देशभर चर्चेत आली. पण एआय म्हणजे प्रचंड आकडेमोड, आणि आकडेमोड म्हणजे भाड्याने घेतलेले दूरचे संगणक. मग साखर कारखाने, दूध प्रकल्प, एमआयडीसीतले उद्योग यांच्या ऑफिसांत संध्याकाळी सहानंतर रिकामे बसणारे शेकडो पीसी जोडून हे काम इथेच का करू नये?

ग्रिड म्हणजे नेमकं काय?

ऊसतोडणी पाहिली असेल तर ग्रिड समजायला दोन मिनिटं लागतात. कारखान्याचा शेतकी विभाग नोंदी बघून तोडणीचा कार्यक्रम ठरवतो. कोणत्या फडात कोणती टोळी, हे चिठ्ठीवर ठरतं. टोळ्या वेगवेगळ्या गावांत एकाच वेळी तोडतात आणि सगळा माल शेवटी एकाच गव्हाणीत येतो. ग्रिडमध्ये टोळीच्या जागी संगणक असतात आणि शेतकी विभागाच्या जागी एक सॉफ्टवेअर. ते मोठ्या कामाचे तुकडे करतं, रिकाम्या यंत्रांना वाटतं, उत्तरं गोळा करतं. हे संगणक वेगवेगळ्या मालकांचे, वेगवेगळ्या गावांतले असू शकतात. एका खोलीत एकाच मालकाची यंत्रं जोडली तर त्याला क्लस्टर म्हणतात. मालक अनेक असणं हे ग्रिडचं वैशिष्ट्य, आणि बहुतेक डोकेदुखीही तिथूनच सुरू होते.

हे कुठे चाललं?

सर्नच्या महाकाय कणत्वरकाची माहिती ४०हून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रं मिळून तपासतात. त्यात मुंबईची टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी आहे. परग्रहावरच्या संदेशांचा शोध घेणाऱ्या ‘सेटी ॲट होम’ने १९९९ ते २०२० या काळात जगभरातल्या लोकांचे घरचे पीसी वापरले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘गरुडा’ हे राष्ट्रीय ग्रिड उभारलं, त्याच्या पहिल्या टप्प्यात १७ शहरांतल्या ४५ संस्था होत्या. या सगळ्यांत नफ्या-तोट्याचं गणित कोणालाच मांडायचं नव्हतं, आणि शेजारची संस्था ही स्पर्धक नव्हती.

काम तुकड्यांत मोडतं का?

उद्योगासमोरची पहिली अडचण हीच. समजा, एका फाउंड्रीला वितळलेला धातू साच्यात कसा भरेल हे संगणकावर बघायचंय. साच्याचे लाखो छोटे भाग करून गणित चालतं, पण प्रत्येक भागाला पुढच्या पावलासाठी शेजारच्या भागाचं उत्तर लागतं. एक तुकडा भिगवणच्या पीसीवर आणि शेजारचा वालचंदनगरच्या पीसीवर ठेवला, तर दोघं निम्मा वेळ एकमेकांची वाट बघत बसतील. हेच काम वेगळ्या पद्धतीने मांडलं तर चित्र बदलतं. साच्याची ४० वेगवेगळी डिझाइनं तपासायची असतील, तर प्रत्येक यंत्राला एक अख्खं डिझाइन द्या. कोणाला कोणाची वाट बघायची नाही. ग्रिडला असं काम आवडतं.

दुसरी मर्यादा वजनकाट्याची. टोळ्या शंभर लावल्या, पण काटा एकच असेल तर ट्रॅक्टरांची रांग लागणारच. संगणकशास्त्रात याला १९६७ पासून ‘ॲमडालचा नियम’ म्हणतात. कामाचा १० टक्के भाग तुकड्यांत मोडणारा नसेल, तर १०० संगणक लावूनही वेग साधारण नऊपटच वाढतो. हजार लावले तरी दहापटीच्या पुढे जात नाही. उद्योजकाला हे आधी कोणी सांगत नाही, आणि मग ‘शंभर यंत्रं जोडली, फरक काहीच नाही’ अशी तक्रार येते.

बिलं, पगार, टॅली, दूध संकलनाच्या नोंदी या कामांना ग्रिड लागतच नाही. हजारो ऊस उत्पादकांची बिलं काढायला एक बऱ्यापैकी सर्व्हर पुरतो.

सॉफ्टवेअर, लाइट आणि वॉचमन

डिझाइन तपासण्याची व्यावसायिक सॉफ्टवेअर अनेकदा प्रोसेसरच्या संख्येवर परवाना आकारतात. पीसी फुकट मिळाले तरी ५० पीसींवर चालवायचा परवाना फुकट नसतो. कित्येकदा तो यंत्रांपेक्षा महाग पडतो.

मग वीज. ५० संगणक रात्री १० तास ताणावर चालले आणि प्रत्येकाने १०० वॉट जादा ओढले, तर एका रात्रीत ५० युनिट जळतात. रक्कम मोठी नाही. पण हे पीसी चार मालकांचे असतील, तर बिल कोणी भरायचं? मोजायचं कसं?

आणि नेट. १०० जीबीची फाइल १०० एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायला सव्वादोन तास लागतात. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर २२ तास. पेन ड्राइव्ह घेऊन एसटीने गेलेला माणूस त्याच्या आधी पोचतो.

इथे थोडं स्वतःचं सांगतो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी कॉलेजच्या लॅबमधले २० पीसी जोडून छोटं ग्रिड केलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी काम लावलं, सोमवारी निकाल मिळणार होता. सोमवारी आलो तर सगळं बंद. लॅब बंद करताना काकांनी नेहमीप्रमाणे मेन स्विच पाडला होता. त्यांची चूक शून्य, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला आम्ही दारावर कागद चिकटवला, तर सहा पीसी विंडोज अपडेट घेऊन स्वतःच रीस्टार्ट झाले. व्हायव्हात ‘फॉल्ट टॉलरन्स म्हणजे काय’ विचारलं, तेव्हा उत्तर पाठ करावं लागलं नाही.

यंत्र मध्येच बंद पडणार, हे गृहीत धरूनच ग्रिड बांधावं लागतं. ते सांभाळायला पूर्णवेळ माणूस हवा. बारामतीत इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, मुलं शिकतात, पण हे काम येणारा मुलगा हिंजवडीचा पगार बघतो. छोट्या उद्योगाला तो परवडत नाही.

सगळ्यांना घाई एकाच वेळी

ग्रिडचा फायदा तेव्हा होतो, जेव्हा माझं यंत्र रिकामं असताना तुमच्याकडे काम असतं. जगभर पसरलेल्या ग्रिडला वेळेतला फरक मदत करतो. आपल्याकडे एकाच परिसरातले कारखाने एकाच हंगामात चालतात. गाळप सुरू झालं की सगळ्यांना तोडणीचं नियोजन, उताऱ्याचा अंदाज, वाहतूक एकदमच हवी, आणि पट्टा पडला की सगळेच रिकामे. नीरा डाव्या कालव्याच्या उन्हाळी आवर्तनात जे होतं तेच इथे होईल : गरज एकदम, आणि टेलच्या माणसाची पाळी शेवटी. कोणाचं काम आधी, हा ग्रिडमधला सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. तोडणीच्या क्रमावरून गावात काय होतं हे माहीत असलेल्यांना तो समजावून सांगायची गरज नाही.

खरा अडसर कोणता?

या भागात ग्रिडला सर्वांत योग्य काम कोणतं, असं विचारलं तर माझं उत्तर उसाच्या उपग्रह चित्रांचं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० बाय १० मीटरचा चौकोन, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. एकरभर ऊस म्हणजे ४० ठिपके. एका चित्राला एक चांगला संगणक पुरतो. पण पाच-सहा हंगामांची चित्रं, सोबत हवामान आणि मातीच्या नोंदी घेऊन प्रत्येक प्लॉटचा अंदाज पुन्हा पुन्हा काढायचा, तर काम वाढत जातं. आणि ते गावागणिक सहज मोडतं. सणसरच्या प्लॉटला लासुर्ण्याच्या प्लॉटचं उत्तर लागत नाही.

तांत्रिकदृष्ट्या हे जमण्यासारखं आहे. आता मालक बघा. इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा हे सहकारी कारखाने, शिवाय खासगी. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर. झोनबंदी उठल्यापासून शेतकरी ऊस कुठेही घालू शकतो आणि कारखाने एकमेकांच्या उसावर डोळा ठेवून असतात. कोणत्या शेतकऱ्याचा कोणता प्लॉट कधी तोडणीला येतो, उतारा किती पडेल, ही माहिती म्हणजे कारखान्याचं भांडवल. ती एका कारखान्याने दुसऱ्याच्या पीसीवर रात्रभर ठेवायची, हे कोणतं संचालक मंडळ मान्य करेल?

माहिती कुलूपबंद करून पाठवता येते. पण गणित करताना यंत्राला साधारणपणे कुलूप उघडावं लागतं, आणि ते यंत्र ज्याच्या ताब्यात त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. उलट भीतीही आहे : बाहेरून आलेल्या कामात व्हायरस असला तर? चुकीचं उत्तर आलं तर? स्वयंसेवकांच्या ग्रिडमध्ये यावर उपाय म्हणून एकच तुकडा दोन यंत्रांना देतात आणि उत्तरं जुळवून बघतात. म्हणजे निम्मी ताकद पडताळणीतच जाते.

त्यात २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, बँक खातं ही वैयक्तिक माहिती. प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच राहते, आणि सुरक्षेत हलगर्जी झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऊस, कारखाना, पाणी सहकारात आणणाऱ्या या भागात माहितीचा सहकार अजून झालेला नाही. मला तरी संगणकांपेक्षा तो अवघड वाटतो.

मग क्लाउड का जिंकला?

२००६च्या मार्चमध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एका प्रोसेसरला तासाला एक डॉलर अशा दराने ग्रिड भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने ईसी-२ आणलं. सनच्या ग्रिडवर काम ठरावीक साच्यात बसवून द्यावं लागे. ॲमेझॉन मात्र अख्खा रिकामा संगणकच देत होतं, त्यावर हवं ते करा. ग्राहक तिकडे गेले. भांडायला एकच मालक, एकच करार, एकच बिल. बारामतीचा ऊस प्रयोगही मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालतो, यात आश्चर्य नाही.

क्लाउडचा तोटा महिन्याच्या बिलात दिसतो. एकदा माहिती आणि प्रणाली तिथे बसली की बाहेर पडणं खर्चिक होतं. सरकारने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या १०,३७२ कोटींच्या ‘इंडियाएआय मिशन’मधून सवलतीच्या दरात जीपीयू मिळतात, हा एक मधला मार्ग आहे.

सुरुवात करायचीच असेल तर?

आधी एकाच कुंपणाच्या आत करून बघा. एकच मालक, एकच वीजबिल, एकच आयटी विभाग. ‘एचटी-कॉन्डोर’ आणि ‘बॉइंक’ ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. पैकी कॉन्डोर तर १९८०च्या दशकापासून अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रिकाम्या यंत्रांना कामाला लावतंय. दहा पीसी, एक असं काम ज्याचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नाहीत, आणि एक महिना. किती तास वाचले, किती युनिट जळली, किती वेळा यंत्र मध्येच बंद पडलं, हे वहीत लिहा. तेच काम क्लाउडवर एकदा करून बिल शेजारी ठेवा.

शेजारच्या कारखान्याला जोडायची वेळ आली, तर सॉफ्टवेअरच्या आधी करार लिहावा लागेल. शेतकऱ्यांची नावं काढून फक्त प्लॉट क्रमांक पाठवायचे का, हंगामात कोणाचं काम आधी, वीज कोणाच्या मीटरवर, माहिती फुटली तर जबाबदार कोण. आणि रात्री मेन स्विच बंद न करण्याची सूचना वॉचमनला कोण देणार, हेही त्यात घाला.