खडकाळ वाटेवरील संयम

हातीं दणकट वाहन असलें म्हणजे कोणतीहि वाट सुलभ होते, असा आमच्या कित्येक वाचकांचा समज असेल. अमेरिकेंतील यूटा संस्थानांत 'व्हाइट रिम' नांवाचा सुमारें १०० मैलांचा मार्ग आहे. तो हा समज दूर करतो. १९५० नंतरच्या दशकांत अणुशक्ति मंडळानें युरेनियमच्या शोधासाठीं तो बांधला. १९६४ सालीं तो प्रदेश कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यान ठरला.

येथें मोठा ट्रक नेणाऱ्याची कसोटी लागते. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर जितकें अधिक, तितकें गाडीचें पोट खडकास टेकण्याचें भय अधिक. म्हणून चतुर चालक चारी चाकांस शक्ति देऊन अत्यंत मंद गिअर घालतो, टायरांतील हवा कमी करून पकड वाढवितो, आणि सोबत्यास खालीं उतरवून त्याच्या खुणांप्रमाणें तसूतसूनें पुढें सरकतो.

परंतु खरी परीक्षा निराळीच आहे. वाटेच्या कडेस मातीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. तो निर्जीव नव्हे. सूक्ष्म जीव, शेवाळ व दगडफूल यांनीं वाळूचे कण बांधून जमिनीची धूप थोपविलेली असते. एक चाक त्यावरून गेलें कीं तो चिरडतो, व पूर्ववत् होण्यास कित्येक दशकें लागतात.

मुलाबाळांकडे अमेरिकेस जाणाऱ्या वाचकांस आमची एवढीच विनंति, कीं त्या वाटेनें गेल्यास अवघड दगड चुकविण्यासाठीं वाट सोडूं नये. न जमल्यास मागें फिरावें. त्यांत कमीपणा नाहीं.