चाकाला आधी कळतं

नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावरून जाणारा सात नंबरचा राष्ट्रीय रस्ता १२५० मीटरच्या आसपास उंची गाठतो. हिवाळ्यात वारं सुटलं आणि बर्फ उडू लागला की हाउगास्टोलचं फाटक बंद होतं. मग गाड्या जथ्यानं सोडतात. सगळ्यात पुढे बर्फ हटवणारा ट्रक, त्याच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून बाकीच्या गाड्या. कडेला रोवलेल्या उंच काठ्या दिसल्या नाहीत, तर रस्ता कुठं संपतो तेही कळत नाही.

‘एकमेकींशी बोलणाऱ्या गाड्यां’वर लेख हवा म्हणून संपादकांनी मला तिकडं पाठवलं. अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. व्होल्वोनं २०१४ साली स्वीडन आणि नॉर्वेच्या रस्ते खात्यांबरोबर ५० गाड्यांवर प्रयोग केला. २०१६ पासून या दोन देशांत विकल्या जाणाऱ्या काही मॉडेलांत ही सोय आली आणि २०१९ मध्ये ती युरोपभर पोचली. एखादी गाडी घसरली की तिची नोंद मोबाइल नेटवर्कवरून वर जाते आणि मागून येणाऱ्या गाडीला त्या जागेच्या आधीच इशारा मिळतो. गाडी कुणाची, हे त्यात येत नाही.

मी रमले ती चाकात. पुण्यात एका गॅरेजमध्ये चाक उतरवलेलं असताना फिटरनं फडक्यानं ब्रेकची काळी धूळ पुसली आणि हबजवळची दातेरी रिंग दाखवली. तिच्यासमोर बोटाच्या पेराएवढा सेन्सर. एकेक दात पुढून गेला की तो एक ठोका देतो. एबीएसला लागणारी ही जोडी २०१९ पासून आपल्याकडच्या प्रत्येक नव्या मोटारीत आहे. तिचं खरं काम चाक अडकतंय का ते बघणं. पण याच ठोक्यांतून आणखीही काही वाचता येतं. इंजिन ज्या चाकांना फिरवतं ती नुसत्या ओढल्या जाणाऱ्या चाकांपेक्षा किंचित जास्त फिरतात. कोरड्या डांबरावर हा फरक अगदी नगण्य. बर्फावर तेवढाच जोर दिला तरी तो वाढतो. किती जोराला किती फरक पडला, यावरून पकडीचा अंदाज बांधतात. ड्रायव्हरला स्टिअरिंग हलकं लागायच्या आत हे गणित होऊन गेलेलं असतं. इतक्या साध्या वस्तूकडून इतकं काम करून घेणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण चाकाचा एक हट्ट आहे. जोर लावल्याशिवाय ते काही सांगत नाही. पाय टाकून बघितल्याशिवाय दगडावरचं शेवाळ किती निसरडं आहे ते कळत नाही, तसंच हे. सरळ रस्त्यावर एकाच वेगानं गेलेली गाडी बर्फावरून गेली तरी तिच्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. चारही चाकांना इंजिनाचा जोर असेल, तर तुलनेला मोकळं चाकच उरत नाही. खिळ्यांचे टायर असलेल्या गाडीला जो रस्ता बरा वाटतो, तो झिजलेल्या टायरच्या ट्रकला नेईल थेट खड्ड्यात. त्यात शून्य अंशाजवळचा बर्फ सगळ्यात दगाबाज, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. तापमान दोन अंशांनी हललं की तासापूर्वीची नोंद शिळी.

मला खरी काळजी आहे ती वर्दळीची. शहराच्या रस्त्यावर दर मिनिटाला कोणीतरी ब्रेक दाबतं, म्हणून नोंदी ताज्या राहतात. घाटात रात्री दोन वाजता जी गाडी पहिली येते, तिच्यासाठी कोणीच काही लिहून ठेवलेलं नसतं. दरीत मोबाइलला रेंज नसली तर घसरलेल्या गाडीची नोंद तिच्यातच अडकून राहते. गाडीतून थेट गाडीत रेडिओनं निरोप देण्याची सोय आहे. फोक्सवॅगननं आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये ती युरोपात दिलीसुद्धा. पण तिचा पल्ला काहीशे मीटरचा, आणि वळणाआड डोंगर उभा.

शिवाय एका कंपनीची गाडी दुसरीला सांगणार का? २०२१ साली युरोपातली काही सरकारं आणि बीएमडब्ल्यू, फोर्ड, व्होल्वो अशा कंपन्यांनी सुरक्षेपुरती ही माहिती एकमेकांना द्यायचा करार केला. जुने ट्रक मात्र याच्या बाहेरच राहतात, आणि हिवाळ्यात रस्ता अडवून आडवे होतात ते बहुधा तेच. मनालीच्या वर समोरून येणाऱ्याला काच खाली करून ‘आगे कैसा है?’ विचारणाऱ्या ट्रकवाल्याला करार लागत नाही; समोरून कोणीतरी यावं मात्र लागतं.

म्हणून मला वाटतं, सुरुवात बर्फ हटवणाऱ्या ट्रकपासून करावी. कितीही निर्जन रस्ता असो, फाटक उघडण्याआधी त्यावरून जाणारं ते एक वाहन ठरलेलं असतं. जड, साखळ्या बांधलेल्या ट्रकच्या चाकांवरून हलक्या मोटारीची पकड कशी ओळखायची, हा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागेल.