लोखंडाची हुलकावणी

आमच्या आजोळी, मामेभावाच्या शेतात, गेल्या दसऱ्याच्या सुमारास भुईमुगाची काढणी चालली होती. वेल हाताने उपटायचा, माती झटकायची आणि ढिगावर टाकायचा, असे ते काम. दुपारी जेवायला बसताना हात धुतले तेव्हा वहिनींच्या ध्यानात आले, की बोटातली अंगठी नाही. अंगठी काही फार वजनाची नव्हती. पण ती त्यांच्या आईने दिलेली होती आणि आई आता राहिली नव्हती. घरच्या माणसांनी दोन दिवस माती चिवडली. शेवटी मामेभावाचा मला फोन आला, "दादा, ते धातू हुडकायचं यंत्र तुमच्या ओळखीत कुणाकडं आहे का?"

जमिनीखालचे नळ शोधण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका परिचितांकडे तसे यंत्र होते. ते घेऊन मी गेलो. मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्राशी माझा संबंध बेताचाच. त्यावर लोखंड वगळण्याची सोय होती. मनात म्हटले, आपल्याला सोने हवे आहे, लोखंडाची कटकट कशाला? ती सोय पुरती चालू केली आणि निघालो.

त्या दिवशी यंत्राने अकरा ठिकाणी अगदी खणखणीत, गोड सूर काढला. अकरा ठिकाणी आम्ही उकरले. निघाले काय? बैलाच्या खुराला मारतात त्या तीन पत्र्या, फाळाचा मोडका तुकडा, दोन वॉशर, बाटल्यांची बुचे आणि वाकडे खिळे. प्रत्येक सुराला वहिनी धावत यायच्या. अकराव्या खड्ड्यानंतर त्या बांधावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, राहू द्या आता."

ज्या यंत्राला लोखंड वगळायला सांगितले होते, त्यानेच दिवसभर लोखंड सोने म्हणून माझ्या पदरात घातले. हे कसे झाले? आणि यावर उपाय काय? त्या रात्री मी जे वाचले आणि दुसऱ्या दिवशी रानात जे शिकलो, तेच आज श्रोत्यांपुढे ठेवायचे आहे.

पहिला दिलासा हा, की लोखंडाने फसवलेला मी काही पहिलाच माणूस नव्हे. टेलिफोनच्या शोधासाठी प्रसिद्ध असलेले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनाही त्याने फसवले आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात राहिली, पण ती नेमकी कुठे आहे हे कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. बेल यांनी तारेची वेटोळी आणि टेलिफोनचा कर्णा जोडून एक यंत्र तयार केले. धातू जवळ आला की कर्ण्यात आवाज यायचा. जुन्या युद्धातल्या गोळ्या अंगात बाळगणाऱ्या सैनिकांवर त्यांनी ते तपासून पाहिले. तिथे ते चालले. अध्यक्षांच्या बिछान्यापाशी मात्र यंत्राचे काही खरे दिसेना. जिथे धरावे तिथे आवाज! मागाहून उलगडा झाला, की अध्यक्ष ज्या बिछान्यावर निजले होते त्यात पोलादी तारा होत्या. शिवाय गोळी उजव्या अंगाला आहे असा डॉक्टरांचा ग्रह होता आणि शोधही तिथेच चालला. गोळी होती डाव्या बाजूला. १९ सप्टेंबर १८८१ रोजी अध्यक्षांचे निधन झाले. यंत्राने आपले काम चोख केले होते. त्याने लोखंड दाखवले. ते लोखंड कुठले, हे मात्र माणसाला वेळेवर उमगले नाही.

आता यंत्र ऐकते कसे, ते थोडक्यात पाहू. यंत्राच्या टोकाला जी चकती असते तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह खेळवतात. त्यामुळे भोवताली चुंबकी क्षेत्र निर्माण होते आणि तेही तितक्याच वेगाने उलटसुलट होत राहते. जमिनीत धातूची वस्तू असली, की या बदलत्या क्षेत्रामुळे तिच्या अंगात पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे वीजप्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांचे स्वतःचे एक क्षेत्र तयार होते आणि ते दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते. आपण हाक मारावी आणि डोंगराने ओ द्यावी, तसा हा प्रकार आहे.

ही ओ किती जोराची आहे एवढेच यंत्र पाहत नाही. ती किती उशिराने आली, हेही मोजते. चांदी, तांबे यांच्या जाड वस्तूत वीज सहज फिरते; तिथले भोवरे रेंगाळतात आणि ओ उशिरा येते. पातळ वर्ख किंवा लहानशी सोन्याची वस्तू असेल तर ओ लवकर येते. या अंतरावरून यंत्र अंदाज बांधते आणि वेगवेगळे सूर काढते.

लोखंडाची गोष्ट मात्र निराळी. तांबे, सोने, चांदी यांच्यापाशी एकच बोली आहे, भोवऱ्यांची. लोखंडापाशी दोन आहेत. त्याच्या अंगातही भोवरे फिरतात. पण त्याखेरीज ते स्वतः चुंबक बनते आणि यंत्राचे क्षेत्र आपल्याकडे ओढून घेते. या दोन उत्तरांची खूण एकमेकींच्या विरुद्ध असते. साध्या खिळ्यात चुंबकी उत्तर वरचढ ठरते आणि यंत्र बरोबर सांगते, की हे लोखंड. पण लोखंडाची वस्तू पसरट असली, किंवा कड्यासारखी मध्ये भोक असलेली असली, तर तिच्यात भोवऱ्यांना फिरायला ऐसपैस जागा मिळते. मग दुसरी बोली वरचढ होते. पत्री, वॉशर आणि बुचे आम्हाला का फसवत होती, हे आता ध्यानात येईल. खिळ्याचेही तसेच. चकती त्याच्या टोकावरून सरकताना दोन्ही उत्तरांचे प्रमाण क्षणभर बदलते आणि मधूनच एक उंच किलबिल ऐकू येते. यंत्र खोटे बोलत नाही. ते जे ऐकते त्याला आपण भलते नाव देतो.

यावर अनुभवी माणसे जे उपाय सांगतात, ते दुसऱ्या दिवशी मी एकेक करून पाहिले.

पहिला उपाय, दिशा बदलण्याचा. सूर लागला की लगेच कुदळ मारायची नाही. उभ्या जागेवरून पाव फेरा फिरायचे आणि आडव्या दिशेने चकती फिरवायची. नाणे किंवा अंगठी बहुधा दोन्हीकडून सारखाच सूर देते. लांबट खिळा एका बाजूने गोड बोलतो आणि दुसऱ्या बाजूने घरघर करतो. इतिहासातही साक्षीदाराला आम्ही दोन बाजूंनी विचारतोच. एकाच अंगाने ऐकलेली साक्ष धरायची नसते.

दुसरा उपाय, जागा ताडण्याचा. यंत्रात वस्तूची नेमकी जागा दाखवण्याची सोय असते. सूर एका ठिकाणी लागला आणि ही सोय वितभर अंतरावर बोट दाखवू लागली, तर संशय धरावा. लोखंडाच्या टोकाशी उठणारा सूर असाच जागेवरून सरकलेला असतो.

तिसरा उपाय, हात आवरण्याचा. गवत कापल्यासारखी चकती फिरवली तर दोन वस्तूंचे सूर एकमेकांत मिसळतात. चकती जमिनीलगत, सावकाश आणि समांतर फिरवावी. मग ती हळूहळू वर उचलावी. चांगला सूर बहुधा सारखा मंद होत जातो. खोटा सूर मध्येच तुटतो. लोखंड फार असेल तिथे यंत्राचा तिखटपणा थोडा कमी करावा. लहान चकती मिळाली तर उत्तमच, कारण तिच्याखाली एका वेळी कमी वस्तू येतात.

एवढे सारे करूनही पत्री आणि वॉशर ही मंडळी अधूनमधून फसवणारच. शंका उरलीच तर उकरावे. या कामात लाज वाटायची ती खड्डा खणल्याची नव्हे, खणलेला खड्डा बुजवला नाही तर त्याची.

पण सगळ्यांत महत्त्वाचा उपाय माझ्या पहिल्या दिवशीच्या वागण्याच्या नेमका उलट होता. लोखंड वगळण्याची सोय बंद करायची, किंवा अगदी थोडी ठेवायची; आणि लोखंडाची घरघर कानांनी ऐकायची. असे का? समजा, सोन्याची अंगठी गंजक्या खिळ्याच्या शेजारी पडली आहे. दोघांची उत्तरे एकत्र येतात. लोखंडाला गप्प बसवायचा हुकूम असला की यंत्र त्या जागेवर तोंडच उघडत नाही. खिळा गप्प होतो आणि त्याच्या आडोशाला असलेली अंगठीही गप्प होते. खोट्या सुराचा तोटा निदान दिसतो तरी. हातात पत्री येते आणि आपण हळहळतो. या गप्प बसण्याचा तोटा दिसतच नाही. आपण वरून चालत जातो आणि समाधानाने म्हणतो, इथे काही नाही.

इंग्लंडमध्ये हा छंद बराच रुजलेला आहे. तिथले जाणते लोक म्हणतात, की ज्या शेतात लोखंड अजिबात बोलत नाही तिथे जुने काही मिळण्याची आशाही थोडीच. खिळे आहेत म्हणजे कधीकाळी तिथे दार होते, छप्पर होते, माणसांची ये-जा होती. जिथे माणूस वावरला तिथेच त्याच्या हातून नाणे पडणार. म्हणून लोखंडाची घरघर हा वस्तीचा पत्ता समजायचा.

याच देशातली एक हकीगत सांगण्यासारखी आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचे गृहस्थ एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला यंत्र घेऊन शेतात गेले होते. शोध होता लोखंडाचा आणि हाती लागला रोमन काळाच्या अखेरीचा ठेवा! सुमारे पंधरा हजार नाणी, त्याखेरीज सोन्याचे दागिने आणि चांदीची भांडी. त्यांनी सगळे उकरून काढण्याचा मोह आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना ठेवा जसा पुरला होता तसाच उलगडता आला. हातोडाही सापडला आणि तोही त्या ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये गेला.

हा झाला छंद. पण याच प्रश्नावर काही ठिकाणी माणसाचा जीव टांगलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या सुमारास, युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये सुरुंग शोधणारे यंत्र तयार केले आणि १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत ते कामी आले. सुरुंग पेरलेल्या जमिनीत बाँबचे तुकडे, काडतुसे, तारा यांचा खच असतो. कित्येक सुरुंगांचे अंग प्लास्टिकचे असून धातू नावापुरताच असतो. त्यामुळे यंत्राचा तिखटपणा कमी करून भागत नाही. प्रत्येक खिळा सुरुंग मानून, गुडघे टेकून, मातीचा कण न् कण बाजूला करावा लागतो. म्हणूनच टांझानियातल्या एका संस्थेने मोठ्या आफ्रिकी उंदरांना स्फोटकाचा वास ओळखायला शिकवले. उंदराला लोखंडाशी देणेघेणे नसते. मगावा नावाच्या अशा एका उंदराने कंबोडियात शंभराहून अधिक सुरुंग आणि न फुटलेले गोळे दाखवून दिले. २०२० मध्ये त्याला ब्रिटनमधल्या एका प्राणिसंस्थेचे सुवर्णपदक मिळाले.

आता वहिनींच्या अंगठीकडे वळू. शेताच्या एका कडेला फार वर्षांपूर्वी गोठा होता. पहिल्या दिवशी त्या पट्ट्यात यंत्र जवळजवळ मुकेच होते, म्हणून मी तो भराभर उरकला होता. दुसऱ्या दिवशी लोखंड वगळण्याची सोय बंद केली आणि तोच पट्टा घरघरू लागला. तासाभराने त्या घरघरीत एक आखूड, बसक्या आवाजाचा सूर लागला. गोड म्हणण्यासारखा तो नव्हताच. पण पाव फेरा फिरलो तरी तो तिथेच होता. चकती उचलली तरी तुटला नाही. चार बोटे माती काढली तर आधी गंजका खिळा निघाला. मामेभाऊ म्हणाला, "झालं, पुन्हा तेच." मी चकती पुन्हा खड्ड्यावर धरली. सूर अजून होता.

अंगठी खिळ्यापासून दोन बोटांवर होती. वहिनींनी ती पदराने पुसली आणि काही न बोलता बोटात घातली.

जाता जाता दोन गोष्टी. आपण शोधत होतो ती आपलीच वस्तू, आपल्याच रानात. जुन्या वास्तूंच्या संरक्षित आवारात परवान्याशिवाय खोदणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे; आणि जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा गुप्त ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावेच लागते. दुसरे असे, की यंत्र हाती आले म्हणून थेट रानात जाऊ नका. आधी घरच्या अंगणात एक खिळा, एक वॉशर, एक नाणे आणि घरातली एखादी अंगठी वेगवेगळी ठेवा, मग एकमेकांशेजारी ठेवा आणि तासभर नुसते ऐकत बसा. अंगठी मात्र दोऱ्याने बांधून ठेवा. नाहीतर तीही शोधायची वेळ यायची.